नडगीचे दुखणे आणि त्याचा हिशेब

बेळगावच्या कॅम्प भागातील रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत पुष्कळच वाढली आहे. त्यांत मुख्यतः दोन वर्ग दिसतात. पहिला वर्ग लष्कर अथवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या खेड्यापाड्यांतील मुलांचा. दुसरा वर्ग आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांतील तरुण-तरुणींचा आणि दिवसभर गादीवर बसून बेंबीचा घेर वाढलेल्या गृहस्थांचा. पहिल्यासमोर पोट भरण्याचा प्रश्न, तर दुसऱ्यासमोर पोट कमी करण्याचा! परंतु महिना-दीड महिना धावल्यावर दोन्ही वर्गांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येते : "नडगी दुखते."

या तक्रारीवर आपल्या घरांत जे उपाय होतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोणी तेल चोळतो, कोणी मलम लावतो, कोणी महागडे बूट आणतो, आणि घरातील वडील मंडळी "सवय नाही म्हणून दुखते, चार दिवसांत थांबेल," असे सांगून मोकळी होतात. पुष्कळदा ते थांबतेही. परंतु ज्या वेळी थांबत नाही, त्या वेळी वाया गेलेले ते चार आठवडे फार महाग पडतात. यास्तव कारण शोधण्याची रीत घरोघरी ठाऊक असणे इष्ट होय.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे. धान्याचा घाऊक व्यापारी असून शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले आहे. तथापि आमच्या बाजार आवारातील एका मुलाच्या दुखण्यामुळे या विषयाचे वाचन घडले व अस्थितज्ज्ञांशी बोलण्याचे प्रसंग आले. त्यांतून जे समजले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. "नडगी दुखते" हे रोगाचे नाव नव्हे. ते केवळ जागेचे नाव आहे. "गोदामात मालाची नासाडी झाली" एवढ्याने काय बोध होतो? ती ओल लागून झाली, किडीने झाली, की उंदरांनी केली, हे पाहिल्यावाचून इलाज करता येत नाही. ओल लागलेल्या पोत्यांजवळ उंदराचा सापळा लावून काय उपयोग? नडगीचेही तसेच आहे.

नडगीवर पडणारा भार

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायात दोन हाडे असतात. त्यांतील जाड हाड ते नडगीचे. शरीराचा बहुतेक भार तेच वाहते. त्याची पुढची धार व आतली बाजू कातडीखाली लगेच हाताला लागते. मागे व बाहेरच्या बाजूस स्नायू असून ते चार कप्प्यांत विभागलेले आहेत. प्रत्येक कप्प्याभोवती फारसे न ताणणारे चिवट आवरण असते. हाडाच्या पृष्ठभागावरही एक पातळ आवरण असते व त्याला वेदना कळते.

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट जोर परत येतो. साठ किलो वजनाच्या तरुणाच्या बाबतीत हा जोर दीडशे किलोंचा, म्हणजे ५० किलोंच्या तीन पोत्यांएवढा, झाला. मिनिटाला १७० पावले धरली, तर अर्ध्या तासात ५,१०० पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला २,५५० आघात येतात. शिवाय स्नायूंची ओढ हाडास वाकवू पाहते, ती निराळीच.

हाड हे निर्जीव लाकूड नव्हे. भार वाढला की ते अधिक बळकट होऊ लागते, हा सिद्धान्त जर्मन शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. परंतु या बळकटीकरणाचा क्रम व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. हाड आधी खर्च करते आणि जमा मागाहून होते. ज्या ठिकाणी ताण पडून सूक्ष्म इजा होते, तेथील जुना भाग प्रथम खणून काढला जातो. या कामी सुमारे तीन आठवडे लागतात. त्या जागी नवे हाड भरून पक्के होण्यास मात्र तीन महिने वा त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणजे सराव एकाएकी वाढविल्यानंतर मधले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा अशक्त असते. आणि दम व स्नायू सुधारल्यामुळे नेमक्या त्याच काळात धावणाऱ्याला हुरूप येऊन तो अंतर आणखी वाढवितो. नडगीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे.

सैनिकांनी शिकविलेला धडा

या विषयाचे पुष्कळसे ज्ञान लष्कराकडून आलेले आहे. प्रशियाच्या सैन्यातील शस्त्रवैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांबच्या कूचीनंतर सैनिकांची पावले सुजून दुखतात, हे नोंदविले. मार लागलेला नाही, कोणी पडलेले नाही, मग दुखणे कशाचे, हे त्या वेळी उमगले नाही. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, त्या पावलांच्या हाडांत बारीक भंग दिसून आले. एकाही मोठ्या आघातावाचून, केवळ लहान आघातांच्या संख्येने हाड मोडू शकते, ही गोष्ट अशी सिद्ध झाली. पुढे नव्या रंगरुटांच्या नडगीतही हाच प्रकार वारंवार आढळला. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आहे आणि जेथील असंख्य तरुण भरतीच्या १,६०० मीटरच्या धावेसाठी घाम गाळतात, त्या गावाला हा धडा परका वाटू नये.

तीन प्रश्न, तीन प्रमुख कारणे

जाणता डॉक्टर यंत्राकडे वळण्यापूर्वी तीन प्रश्न विचारतो : कोठे दुखते? किती जागेत दुखते? आणि केव्हा दुखते? या तीन उत्तरांवरून पुढील तीन कारणे बऱ्याच अंशी वेगळी काढता येतात.

पहिले व सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे, ज्याला सामान्यतः 'शिन स्प्लिंट' म्हणतात, ते. यात नडगीच्या आतल्या कडेने, घोट्याच्या वर, लांबट पट्ट्यात दुखते. मुलाला खाली बसवून, पाय सैल सोडावयास सांगून, अंगठ्याने आतली कड खालून वर दाबीत जावे. सलग पाच सेंटिमीटर म्हणजे सुमारे तीन बोटांच्या रुंदीइतक्या वा अधिक लांबीत ओळखीची वेदना उमटली, तर बहुधा हेच कारण असते. धावण्याच्या आरंभी दुखते, अंग तापल्यावर कमी होते आणि थांबल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाणवते. रात्री झोपेत सहसा त्रास होत नाही.

दुसरे कारण हाडास गेलेली चीर, अर्थात 'स्ट्रेस फ्रॅक्चर'. यात वेदना पसरट नसून एका ठिकाणी असते. मूल बोट ठेवून "येथेच" असे सांगते. नाण्याएवढ्या जागेवर दाबताच ते पाय मागे घेते. अंग तापल्यावर दुखणे कमी न होता पावलागणिक वाढते. पुढे चालतानाही दुखते आणि शेवटी रात्री अंथरुणावर ठणकते. त्या पायावर उडी मारणे जमत नाही. परंतु खात्री करून घेण्यासाठी पुनःपुन्हा उड्या मारावयास लावू नये, त्याने चीर वाढावयाची. दुखण्याचा बिंदू जर नडगीच्या पुढच्या धारेवर मध्यभागी असेल, तर तो अधिक धोक्याचा समजावा. तेथील चीर लवकर सांधत नाही, हाड पूर्ण मोडण्याचा संभव असतो आणि क्वचित हाडात सळई बसविण्याची शस्त्रक्रियाही करावी लागते.

तिसरे कारण स्नायूंच्या कप्प्यात वाढणारा दाब. धावताना स्नायूंत रक्त भरून ते फुगतात. भोवतालचे आवरण ताणले जात नाही. त्यामुळे आत दाब वाढतो. या दुखण्याची खूण म्हणजे त्याचा नेमस्तपणा. दर वेळी ठराविक अंतरावर, समजा दहाव्या-बाराव्या मिनिटाला, पोटरी वा नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पावलाला मुंग्या येतात, कधी पाऊल फटफट आपटते. आणि थांबले की थोड्याच वेळात सर्व शांत होते. दुसऱ्या दिवशी हाड दाबून पाहिले तर काहीच दुखत नाही. याची खात्री धावण्यापूर्वी व नंतर सुईने कप्प्यातील दाब मोजून करतात.

याखेरीज शीर अथवा मज्जातंतू दबणे, कमरेतून पायात उतरणारी कळ, अशी विरळ कारणेही आहेत. मात्र काही खुणा दिसल्यास विलंब मुळीच करू नये. एका पायाची पोटरी सुजून गरम होणे. तापासह हाड ठणकणे. धावणे बंद केले तरी रात्रीची वेदना वाढत जाणे. वाढत्या वयाच्या मुलाच्या गुडघ्याजवळ गाठ दिसणे. किंवा धावताना पाऊल थंड व पांढरे पडणे : यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वयस्क गृहस्थांची पोटरी चालताना दुखून थांबताच राहात असेल, तर तो रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा इशारा असू शकतो. विशेषतः मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

एका मुलाचे उदाहरण

बाजार आवारातील एका हमालाचा एकोणीस वर्षांचा मुलगा भरतीची तयारी करीत होता. आरंभी तो आठवड्यातून चार दिवस, दररोज चार किलोमीटर धावे. म्हणजे आठवड्याचे १६ किलोमीटर झाले. भरतीची तारीख जाहीर होताच त्याने सहा दिवस, सकाळी पाच व संध्याकाळी तीन किलोमीटर असा क्रम धरला. आठवड्याचे अंतर ४८ किलोमीटरवर, म्हणजे एकदम तिपटीवर गेले. तिसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागले. प्रथम ते पसरट होते. पुढील पंधरवड्यात ते एका बिंदूवर आले आणि रात्री जागे करू लागले. एका ठिकाणी क्ष-किरण चित्र काढण्यात आले. "हाडाला काही झालेले नाही," असा निर्वाळा मिळाला आणि मुलगा पुन्हा धावू लागला.

येथेच पुष्कळांची फसगत होते. अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. कधी कधी ती पुढेही उमटत नाही. चित्र स्वच्छ आहे एवढ्यावरून हाड निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी प्रथम चित्र पाहिलेच नाही. त्यांनी मुलाला मागील आठ आठवडे रोज किती धावलास, हे कागदावर लिहावयास सांगितले, नडगी अंगठ्याने चाचपली आणि झोपेविषयी विचारले. तिपटीने वाढलेला भार, नाण्याएवढी दुखरी जागा व रात्रीचा ठणका या तीन गोष्टी एकाच कारणाकडे बोट दाखवीत होत्या. त्यांनी एम्.आर्.आय्. तपासणी करविली; तीत हाडाच्या आत सूज व चिरेची रेघ स्पष्ट दिसली.

चीर आतल्या-मागच्या बाजूस असल्याने शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. काही दिवस कुबड्या, त्यानंतर बेताचे चालणे, आणि आठ आठवड्यांनी क्रमाक्रमाने धावणे, असा उपचार झाला. त्या वर्षीची भरती मात्र हुकली. वयाची मर्यादा शिल्लक होती म्हणून पुढील वर्षी त्याने १,६०० मीटरची धाव वेदनेवाचून पूर्ण केली. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या मुलाची एक नडगी म्हणजे साऱ्या घराची मिळकत असते, हे येथे विसरू नये.

कारणामागील कारण

चीर आहे की सूज आहे, हे समजले तरी हिशेब अर्धाच झाला. ती का झाली, हे न शोधता केवळ विश्रांती घेतली, तर दुखणे थांबते. परंतु धावणे सुरू होताच परत येते. यासाठी चार खाती तपासावीत.

पहिले खाते भाराचे. दुकानाप्रमाणे धावण्याचीही रोजकीर्द ठेवावी : तारीख, अंतर, रस्ता कसा होता, दुखले काय. दुखणे सुरू होण्याआधीच्या चार-सहा आठवड्यांत अंतर, वेग, चढ किंवा डांबरी रस्ता यांपैकी काय एकाएकी वाढले, हे त्यातून आपोआप दिसते. मुनिसंघाच्या विहारात आपले तरुण सवय नसता एकाएकी लांबचे अंतर चालतात, त्यांच्या नडगीच्या तक्रारीचेही उत्तर याच खात्यात सापडते.

दुसरे खाते अन्नाचे. आणि आपल्या समाजाने ते विशेष लक्ष देऊन पाहावे. खर्चापेक्षा अन्न कमी पडले, की शरीर आधी हाडे बांधण्याचे काम थांबविते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीस खेळाडूंमधील सापेक्ष ऊर्जा-कमतरता असे नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले. मुलींमध्ये याची ठळक खूण म्हणजे मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे. धावणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली असता आईने संकोच न करता डॉक्टरांना सांगावे. अशा मुलीची नडगी दुखत असेल, तर चिरेची शंका प्रथम घ्यावी.

आपल्या धर्माचरणात यामुळे काहीच बाधा येण्याचे कारण नाही. बदलावयाचे ते धावण्याचे वेळापत्रक. पर्युषणात अथवा दशलक्षण पर्वात उपवास, एकाशन असेल, त्या दिवसांत धावणे बंद ठेवावे किंवा अगदी कमी करावे. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यांनी संध्याकाळी उशिरा धावू नये. सूर्यास्तानंतर धावून आलेले मूल सकाळपर्यंत उपाशी राहते, आणि चौविहार असेल तर पाण्यावाचूनही. तेच पहाटे धावले, तर नवकारशीनंतर लगेच पोटभर न्याहारी करता येते. दुरुस्तीचे साहित्य वेळेवर मिळाल्यास शरीर आपले काम करते.

भारतीय आहारतज्ज्ञांच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढास दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध, दही आणि न सडलेले तीळ यांनी ही गरज शाकाहारातूनच भागते. 'ड' जीवनसत्त्वाची उणीव मात्र उन्हाच्या देशातही पुष्कळ आढळते. रक्ततपासणीने ती कळते. औषध घेताना एवढे पाहावे की कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते आणि आतील 'ड-३' हे पुष्कळदा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढलेले असते. दगडफुलाच्या वर्गातील पदार्थापासून बनविलेले 'ड-३' सुद्धा मिळते. डॉक्टरांकडे तशी मागणी करावी. अमेरिकन नौदलाच्या पाच हजारांहून अधिक महिला रंगरुटांवर केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्व देण्यात आलेल्या गटात हाडाच्या चिरा सुमारे वीस टक्क्यांनी कमी आढळल्या.

तिसरे खाते विश्रांतीचे. पुरेशी झोप आणि आठवड्यातून एक-दोन दिवस धावण्यास सुट्टी, एवढे पुरे.

चौथे खाते धावण्याच्या ढबीचे. पाऊल फार पुढे टाकून टाच आपटीत धावणाऱ्याने पाऊल किंचित आखूड करून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढविल्यास पायावरील आघात सौम्य होतो. पोटऱ्या बळकट करण्यासाठी टाचा उचलण्याचा व्यायाम करावा. झिजलेले बूट बदलावेत. परंतु नवे बूट म्हणजे चुकलेल्या हिशेबावरचा उतारा नव्हे.

पुन्हा धावणे केव्हा?

पसरट दुखण्यात अंतर निम्म्यावर आणावे व वेदना न होईल एवढेच धावावे. दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. चिरेची शंका असेल, तर धावणे त्याच दिवशी पूर्ण बंद करावे. साध्या जागेची चीर सांधण्यास साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. पुढच्या धारेवरील चिरेस कित्येक महिने. चालताना वेदना नाही, दाबल्यावर वेदना नाही, हे दोन्ही झाल्यावर मिनिटभर धावणे व मिनिटभर चालणे यापासून आरंभ करावा. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वस्वी टाळावे; ती दुखणे लपविते, दुरुस्त करीत नाही.

शेवटी पालकांना एक विनंती. मूल "दुखते" म्हणाले की त्यास आळशी ठरवू नये आणि घाबरूनही जाऊ नये. कोठे, किती जागेत, केव्हा आणि गेल्या दोन महिन्यांत काय वाढले, हे चार प्रश्न शांतपणे विचारावेत व उत्तरे लिहून डॉक्टरांपुढे ठेवावीत. आणखी एक सूचना आपल्या मंडळास. वार्षिक क्रीडामहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने एखाद्या अस्थितज्ज्ञांचे व्याख्यान ठेवावे. आणि बाजारातील हमाल, मापारी यांच्या भरतीस जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांना एम्.आर्.आय्.चा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीत थोडी तरतूद करावी. आपल्या पोत्यांचा भार त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर वाहिला आहे. मुलांच्या पायांची काळजी वाहणे हे आपल्याला शोभून दिसेल.